भागामायचं तुरट पाणी

आमच्या गावात अजून कुणाच्या लेकराला हगवण लागली आणि कुणी बाभळीच्या सालीचं नाव काढलं, की म्हाताऱ्या बाया लगेच हात झटकतात. "नको गं बाई, त्या भागीनं असंच एक लेकरू घालवलंय." ज्यांनी भागीला डोळ्यानं पाहिलंसुद्धा नाही त्याही हे म्हणतात. हे खोटं आहे. खोटं आहे हे गावात तिघांना ठाऊक होतं. त्यातली दोघं गेली. मी राहिलोय, म्हणून लिहितो. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, त्यातली दुसरी निम्मीच. माझ्या लिहिण्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण पुरतं वाचून हसावं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव आष्टी तालुक्यात, अगदी सरहद्दीला. ओढ्यापलीकडं इंग्रजाचा मुलूख. ओढ्याच्या अलीकडं, वास गावात येऊ नये अशा बेतानं वसवलेला ढोरवाडा. तीन घरं, आणि कडेचं घर भागीचं. नवरा प्लेगात गेलेला, मूलबाळ नाही. कातडं कमावायचं काम बाई एकटीनं करत नसते, पण ही करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाणी तर आदीपास्नं मीच वळखीत व्हते. त्यो नुस्ता कातडं वढायचा."

भागी माझ्या आईच्या वयाची. मी तिला 'भागे' म्हणायचो आणि ती मला 'बापू मालक' म्हणायची. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आणि वाटत होतं असं आता उगीच म्हणणार नाही.

तिचं अंगण आमच्या विहिरीच्या धावेवरून सरळ दिसायचं. मोट हाकताना बैल मागं सरकायचे तेवढ्या वेळात माझी नजर तिकडं जायची. एका बाजूला चुन्याचा हौद. चुन्यात केस सुटले की ती कातडं ओढ्यावर धुऊन आणायची, पिशवीसारखं शिवायची, आत कुटलेली बाभळीची साल आणि पाणी भरायची आणि लिंबाच्या फांदीला टांगायची. लांबून पाहिलं तर बिनमुंडीचं जनावर लटकतंय असं वाटायचं. त्यातून लाल पाणी थेंबथेंब खालच्या मातीच्या कुंडात पडायचं. कुंड भरलं की ती ते परत वर ओतायची. पुन्हा थेंबथेंब. महिना महिना हेच. तिचे हात कोपरापर्यंत कातासारखे लाल झालेले, कितीही घासले तरी निघायचे नाहीत.

दिवसातून दहादा ती त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची. मग तोंड आवळायचं, गाल आत जायचे, एक डोळा मिटायचा. आणि निकाल यायचा. "लागलं." नाहीतर, "भोळं हाय आजून." जे पाणी तुरट होऊन जिभेला धरतं ते लागलेलं, धरत नाही ते भोळं. माणसांनाही ती हेच लावायची. पाटलाचा धाकटा भोळा, पटवारी लागलेला, पाटलीणबाई लई लागलेली. मी कुठल्यात बसतो ते मी कधी विचारलं नाही.

गावातली एकूण एक मोट तिच्या हातच्या कातड्याची. त्या मोटेचं पाणी सगळा गाव प्यायचा, देवालाही तेच जायचं. तिच्या मडक्याला मात्र कुणी शिवायचं नाही. ही गोष्ट मला म्हातारपणी सुचली. धावेवर बसून रोज डोळ्यासमोर होती तेव्हा सुचली नाही.

तिच्या औषधाची आमची ओळख बैलापासून झाली. आमच्या तांबड्या बैलाचा खांदा जूवानं सोलून निघाला, पाणी सुटलं, माशा बसायला लागल्या. भागी धावेखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्येला चार दिस जुंपू नका. मी पाणी आणून ठिवते, कोमट करून त्येनं धुवा." पाचव्या दिवशी खांद्यावर सुकी खपली. मग गावातले सगळे बैल तिच्याकडं. बैलाला चालत होतं. मग हळूहळू माणसं. हिरड्या फुगून रक्त येणारे सालीच्या पाण्यानं चुळा भरायला लागले. भाजलेलं, चिघळलेलं, पोट सुटलेलं, सगळ्याला तिच्याकडं तुरट काहीतरी असायचं. बाभळीची साल, डाळिंबाची टरफलं, तरवड, हिरडा. ती पाणी द्यायची नाही. साल द्यायची, लांबून, दगडावर ठेवून, आणि घरी उकळून घ्या म्हणायची.

मी एकदा विचारलं, "भागे, कातड्याचं औषध माणसाला कसं गं चालतं?"

ती म्हणाली, "वरचं कातडं काय आन् आतलं आतडं काय, सैल पडलं की कुजतंय. तुरट त्येला आवळून धरतं. दुसरं काय हाय त्यात?"

हिरडा आमच्याकडं होत नाही. तो ती नगरच्या बाजूनं आणायची. सरहद्दीच्या नाक्यावर एक जमादार होता, भल्या मोठ्या मिशांचा. त्यानं एकदा तिचं गाठोडं अडवलं. मीही तिथंच गाडी घेऊन उभा होतो.

"क्या है बुढिया इसमें?"

"हिरडा हाय सरकार."

"दवा है, के दारू का मसाला?"

भागी त्याच्याकडं बघतच राहिली. गाठोडं सोडायचं सोडून तिनं विचारलं, "सरकार, बसायला तरास व्हतोय का? एकाच कुल्ल्यावर बसलाव म्हून इचारलं."

नाक्यावरची माणसं तोंडात धोतराचा सोगा घालून हसली. जमादार लालबुंद झाला आणि गाठोडं ठेवून घेतलं. पण आठ दिवसांनी भर दुपारी ढोरवाड्याकडं घोडा येताना दिसला. घोड्यावर कुणी नव्हतं. जमादार लगाम धरून पायी चालत होता. मूळव्याधीनं त्याला खोगिरावर टेकवत नव्हतं. भागीनं टांगलेल्या कातड्यांच्या आड एक रुंद कुंड ठेवलं, त्यात सालीचं कोमट पाणी भरलं आणि त्याला बसवलं. आम्ही तिघं-चौघं धावेवर मोटा थांबवून ऐकत होतो.

"बुढिया, हो गया क्या?"

"न्हाई."

"अरे, अब तो हो गया?"

"कातड्याला म्हैना लागतो सरकार. तुमाला घटकाभर दम न्हाई?"

जमादार पंधरा दिवस येत होता. शेवटी शेवटी घोड्यावर बसून यायचा. भागीचं गाठोडं नाक्यावर पुन्हा कुणी सोडून पाहिलं नाही.

आता लोखंडाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भागीच्या अंगणात लोखंडाचं भांडं एकही नव्हतं. कुंड मातीचं, मडकी मातीची, ढवळायला लाकूड. मी एकदा गंमत म्हणून हातातला विळा कुंडात बुडवायला गेलो तर ती अंगावर धावून आली. पण तोवर पातं बुडलंच होतं. बघता बघता त्याच्याभोवती पाणी काळं झालं, शाईसारखं.

"बघितलं? लोखंड लागलं की काळं पडतंय. त्येचं तुरट सगळं लोखंड खातंय. मग ते जोड्याला काळा रंग द्यायला बरं, दुसऱ्या कशालाच न्हाई."

शाईसारखं म्हणजे शाईच. आमचा पटवारी आपली शाई याच पाण्याची करायचा. भागी मडकं चावडीमागच्या दगडावर ठेवून जायची, पटवारी त्यावर पाणी शिंपडून उचलायचा, त्यात गंजके खिळे टाकायचा आणि चार दिवसांनी काळीभोर शाई तयार. गावाचं दप्तर त्या शाईनं लिहिलेलं आहे. कुठं असेल ते, तर अजून काळंच असेल.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी चिंगी. पाच वर्षांची, बडबडी, सगळ्या घराची लाडकी. उन्हाळ्यात तिला हगवण लागली. पहिल्या दिवशी आईनं जायफळ उगाळून दिलं. दुसऱ्या दिवशी वैद्याची पुडी झाली. तिसऱ्या दिवशी रक्त पडायला लागलं आणि पोरगी बोलायची थांबली. वैनी तिला मांडीवर घेऊन बसलेली आणि दादा अंगणात नुसता येरझाऱ्या घालत होता. मी कुणाला न विचारता ढोरवाड्यात गेलो.

भागीनं ऐकून घेतलं. "डोळे आत गेल्यात का?"

"गेलेत."

"मुतती का?"

"सकाळपास्नं न्हाई."

ती पटकन आत गेली आणि एक मडकं घेऊन आली. बाभळीची आतली साल, डाळिंबाची टरफलं, सगळं मोजून त्यात घातलेलं. म्हणाली, "बापू मालक, मडकं कोरं हाय. कुंभारवाड्यातनं आणलं तसंच हाय, माझ्या घरचं पाणी लागलेलं न्हाई त्येला. ह्यातच उकळा. दोन दोन पळ्या पाजा, घडीघडीला. मधी कण्याची पातळ पेज, मीठ घालून. पेज थांबवू नका. आन् लोखंडाला लावू नका, ध्यानात ठिवा. ह्यातच."

मी मडकं घेतलं आणि निघालो. तिच्या अंगणाच्या कडेला तरवडाची झुडपं होती. तिथनं पार दिसतो. पारावर पाच-सहा जणं बसलेली. आमच्या घराण्यातला माणूस ढोराच्या घरचं मडकं हातात धरून भर दुपारी गावातून चालला आहे, हे माझ्या डोळ्यासमोर आलं. मी मडकं तरवडाखाली ठेवलं, साल उपरण्यात ओतून घेतली आणि घरी गेलो.

एवढंच मी केलं. ते एवढंच होतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

घरी आईनं विचारलं, "कुठनं आणलं हे?" मी सांगितलं. आई म्हणाली, "आण. पण माझ्या सैपाकाच्या मडक्यात न्हाई घालायची मी. मडकं बाटलं की फोडावं लागतं." तिनं गोठ्यातली जुनी लोखंडी कढई आणली. लोखंडाचं बरं असतं, बाटलं तरी आगीत घातलं की शुद्ध होतं. आमच्याकडं सगळ्या घरांत हाच रिवाज. आईचं त्यात काही चुकलं नाही. ती कढई चुलीवर चढवत होती तेव्हा मी दारात उभा होतो. मला विळा आठवला. भागीचं सांगणं आठवलं. पण मग मला सांगावं लागलं असतं, की तिनं मडकं दिलं होतं आणि मी ते टाकून आलो. शिवाय ढोरणीच्या शब्दावर आईला शिकवायचं, हेही जिवावर आलं. कढईनं असा काय फरक पडणार, असं मनाशी म्हटलं आणि अंगणात जाऊन दादाजवळ बसलो.

आत वैनी किंचाळली.

कढईतलं पाणी काळंभोर झालं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आत धावले, कढई बघितली आणि माझ्यावर ओरडले, "हे काय आणलंस बे? हे औषध हाय का इख हाय?"

मी म्हणालो, "आबा, ते लोखंडानं..."

"काय लोखंडानं?"

मी पुढं बोललो नाही. आबांनी कढई तशीच उचलून उकिरड्यावर पालथी केली. "औषधाच्या नावाखाली लेकराला मारायला निघाल्यात" असं काहीतरी ते बोलत होते. भागीनं सांगितलेली पेज मीही विसरलो आणि घरातल्या कुणाला सुचलीही नाही. पोट सुटलेल्याला उपाशी ठेवायचं, हेच सगळ्यांना माहीत. चिंगी दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरं सोडायच्या वेळेला गेली.

भागीच्या औषधानं ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. कदाचित नसती. पण औषध तिच्या पोटात गेलंच नाही, एक पळीसुद्धा गेली नाही, हे मला ठाऊक आहे. गावात मात्र दुपारपर्यंत झालं, की भागीनं काळं पाणी दिलं आणि पोरगी गेली.

चावडी भरली. पाटील वर बसलेला, पटवारी दप्तर उघडून. मी आबांच्या मागं. भागी पायरीच्या खाली, उन्हात उभी.

पाटलानं विचारलं, "भागे, काळं पाणी कसलं दिलंस?"

"मी पाणी दिलंच न्हाई मालक. साल दिली."

"मग ते काळं कावून झालं?"

भागीनं आधी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी खाली बघत होतो, पण ती बघते आहे ते कळत होतं. मग तिनं पटवाऱ्याकडं बघितलं. पटवारी लेखणीचं टोक नीट करत होता. मग ती पाटलाला म्हणाली, "मला एक मातीचं भांडं द्या आन् एक लोखंडाचं. हितंच तुमच्या म्होरं उकळून दावते."

कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आता चावडीत कातड्याचं पाणी उकळायचं का?" दुसरा म्हणाला, "दावून आता काय पोर उठून बसणार हाय?" आबांचा हुंदका फुटला. त्यावर कुणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

मडक्याचं नाव भागीनं काढलं नाही. काढेल या भीतीनं मी आबांच्या पाठीआड सरकलो. तिनं नाही काढलं.

भागीनं इथून पुढं कुणा माणसाला औषध द्यायचं नाही, असा ठराव झाला. पटवाऱ्यानं तो लिहिला. लिहून झाल्यावर पाटील म्हणाला, "बैलाला दिलं तर चालेल. बैलाचं न्हाई काही." तेही त्यानं लिहिलं. त्याच शाईनं.

नंतर जमादाराचा त्रास पुन्हा उपटला. तो आला तर भागी म्हणाली, "सरकार, आता हुकूम न्हाई." तो तिला शिव्या देऊन, मग पाया पडायच्या बेताला येऊन, पायीच परत गेला.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक धनगराची सून लेकरू घेऊन तिच्या दारात येऊन बसली. मी धावेवरून बघत होतो. ती रडत होती आणि भागी नुसती उभी. मग आत गेली, मूठभर साल आणली, तरवडाच्या बुडाशी ठेवली आणि पाठ फिरवून म्हणाली, "मी दिली न्हाई. तू उचललीस. मातीच्या भांड्यात उकळ आन् पेज पाज." ते लेकरू जगलं. पुढं मोठं होऊन मेंढरं राखताना मी त्याला पाहिलं. त्याच्या आईनं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही, तिलाही गावातच राहायचं होतं. आणि मीही सांगितली नाही.

वर्षं गेली. आबा गेले, पाटील गेला, पटवारी गेला. माझं स्वतःचं लग्न, लेकरं, शेत. भागीकडं मोट शिवायला टाकायचो, पण दारात उभं राहून, कामापुरतं बोलून यायचो. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी पन्नाशीकडं झुकलो. मी हट्टी आहे. हट्टी माणसाला चूक कबूल करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा माणूस संपतो.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी एक दिवस मी मोट न घेताच गेलो. ढोरवाड्यातली दुसरी दोन घरं सोलापूरला गिरणीत निघून गेली होती. भागी एकटी. डोळ्यांत फूल पडलेलं, कमरेत वाकलेली. लिंबाला एकच कातडं टांगलेलं.

"कोण हाय?"

"मी हाय. बापू."

"बापू मालक? मोट फाटली का?"

"न्हाई." मी उभाच राहिलो. "भागे, ते मडकं..."

"कंचं? तरवडाखाली ठिवलं व्हतं ते? त्येच्यात मी मीठ ठिवते."

"तुला ठावं व्हतं?"

"माझ्या दारात मडकं पडलेलं मला ठावं नसंल? त्याच सांजंला उचललं."

"मग चावडीत कावून बोलली न्हाईस?"

"तुमी बोलचाल म्हून थांबले व्हते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी बोललाव न्हाई. तुमच्याबिगर माझं एकटीचं कोण ऐकणार व्हतं?"

"मी आता सांगतो. उद्या चावडीवर जाऊन सगळ्या गावाला सांगतो."

"आता कुणाला सांगता? त्यातलं हाय कोण? आन् सांगून त्येंनी माझ्याकडं धाडली लेकरं, तर द्यायला साल तरी कुठं हाय मला? बाभळीवर चढवत न्हाई. दोन वरसं झाली, तीच ती साल वाळवून पुन्यांदा घालते."

कातड्यातून थेंब पडत होते. ती चाचपडत कुंडापाशी गेली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. तोंड आवळलं नाही. पुन्हा लावलं. मग माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड करून म्हणाली, "जीभ मेली बापू मालक. मीठ कळत न्हाई, मिरची कळत न्हाई. हे लागलं का भोळं हाय, कसं सांगायचं? हितं दुसरं कुणी न्हाई इचारायला. तुमाला सांगू ने, पर जरासं बोट लावून..."

मी खाली बसलो. तिच्या कुंडात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

ते ओढ्याचं पाणी होतं. त्याला रंग नव्हता, चव नव्हती, फक्त कातड्याचा वास होता. वर टांगलेलं कातडं आतून कुजायला लागलं असणार, मला वास तेव्हा कळला. जीभ तोंडात सैल पडलेली. मी पुन्हा बोट बुडवलं. तसंच. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती, त्या पांढऱ्या डोळ्यांनी.

"लागलं का?"

"लागलं, माय," मी म्हणालो. "लई लागलं."

तिचे गाल आत गेले, एक डोळा मिटला, जसं काही माझ्या जिभेवरचं तिलाच कळलं. मग तिनं खापर घेतलं आणि ते पाणी भरून भरून वर ओतायला लागली.